सर्व्हरला प्रेमपत्राची ओढ नसते

कंपनीच्या खरेदी-समितीपुढे दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो, आणि तो मार्चअखेरीलाच येतो, कारण लायसन्सही तेव्हाच संपतं आणि बजेटही. प्रश्न असा, की प्रत्येकाच्या संगणकावर अँटीव्हायरस बसवलेला आहे, त्याचे पैसे भरलेले आहेत, मग ईमेलच्या सर्व्हरसाठी वेगळा अँटीव्हायरस कशाला? विचारणारे बहुधा अकाउंट्सचे साहेब असतात आणि प्रश्न अगदी रास्त असतो. उत्तर मात्र रास्त मिळत नाही. विक्रेत्याचा प्रतिनिधी लगेच पडद्यावर काळ्या जर्किनातल्या, चेहरा नसलेल्या माणसाचं चित्र दाखवतो. जगातले सगळे हॅकर एकाच दुकानातून जर्किन घेतात अशी त्याची खात्री असावी. आयटी विभागाचा माणूस ‘सर, तो असावा लागतो’ एवढंच म्हणतो आणि पुन्हा लॅपटॉपकडे बघू लागतो. तेवढ्यात चहा येतो, बिस्किटं येतात आणि ठराव मंजूर झाला की नामंजूर, हे इतिवृत्त लिहिणाराच पुढे ठरवतो. माझं म्हणणं असं, की मेल सर्व्हरवर स्वतंत्र तपासणी हवीच. पण ती सर्व्हरच्या काळजीपोटी नको. सर्व्हरवरून निघालेला मेल ज्या प्राण्याच्या पुढ्यात जाऊन पडतो, त्याच्या काळजीपोटी हवी. त्या प्राण्याच्या हातात माउस असतो, मनात कुतूहल असतं आणि जेवणाच्या सुट्टीला अजून पाऊण तास असतो.

पुराव्यासाठी थोडा इतिहास काढू. 26 मार्च 1999 रोजी ‘मेलिसा’ नावाचा व्हायरस अमेरिकेत सुटला. तो वर्डच्या फाइलमध्ये मॅक्रोच्या रूपाने दडलेला असे. फाइल उघडली की तो आउटलुकमधल्या पत्त्यांच्या यादीतले पहिले 50 पत्ते घ्यायचा आणि तीच फाइल तिकडे रवाना करायचा. विषयाच्या ओळीत ‘अमुककडून महत्त्वाचा निरोप’ असं, आणि अमुकच्या जागी खरोखरच ओळखीच्या माणसाचं नाव. आत मजकूर असा, की तुम्ही मागितलेली फाइल सोबत जोडली आहे, दुसऱ्या कुणाला दाखवू नका. आता ज्याने फाइल मागितलीच नव्हती त्याने मेल पुसून टाकून कामाला लागायला हवं होतं. पण ‘दुसऱ्या कुणाला दाखवू नका’ हे वाचूनही फाइल न उघडणारा माणूस कुठल्याही ऑफिसात आजवर नोकरीला लागलेला नाही. खुद्द मायक्रोसॉफ्टला आपली मेलची ये-जा थांबवावी लागली. वर्ड त्यांचं, आउटलुक त्यांचं, आणि घोळही त्यांच्याच अंगणात. व्हायरस लिहिणाऱ्या न्यू जर्सीच्या डेव्हिड स्मिथला पुढे 20 महिन्यांची कैद आणि 5,000 डॉलर दंड झाला. नुकसानीचा अंदाज 8 कोटी डॉलरचा होता. म्हणजे दंड नुकसानीच्या सोळा हजाराव्या हिश्श्याएवढा. अकाउंट्सच्या साहेबांनी ही वसुली कुठल्या खात्यात दाखवायची ते सांगावं.

जेमतेम वर्ष उलटलं आणि 4 मे 2000 रोजी मनिलाहून प्रेमपत्र आलं. विषय: माझं तुझ्यावर प्रेम आहे. सोबत ‘लव्ह-लेटर-फॉर-यू’ नावाची फाइल. तिच्या नावाला दोन शेपट्या होत्या, पुढची ‘टीएक्सटी’ आणि मागची ‘व्हीबीएस’. मागची शेपटी खरी होती. ती म्हणजे चालू होऊन उच्छाद मांडणारा प्रोग्रॅम. पण ओळखीच्या शेपट्या लपवायच्या, असा विंडोजचा शिरस्ता असल्यामुळे वाचणाऱ्याला ते नुसतं साधं टिपण दिसे. या व्हायरसने मेलिसासारखा 50 पत्त्यांचा संकोचही पाळला नाही, यादीतल्या सगळ्यांना पत्रं धाडली. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने आपली मेलव्यवस्था बंद केली, पेंटागॉनपर्यंत पत्रं पोचली. ज्या साहेबाने सात वर्षांत ‘गुड मॉर्निंग’ला मान हलवण्यापलीकडे उत्तर दिलं नाही, त्याच्याकडून अचानक असं पत्र आल्यावर शंका यायला हवी होती. शंका आलीही असेल. पण तिचं निरसन करायचं म्हणून लोकांनी पत्र उघडलं. ओनेल द गुझमान या तरुणाने ते लिहिलं होतं. फिलिपिन्समध्ये तेव्हा अशा गुन्ह्याला कायदाच नव्हता. तो जूनमध्ये झाला, आणि मागच्या तारखेने लावता येत नसल्याने खटला निकालात निघाला. वीस वर्षांनी एका ब्रिटिश पत्रकाराने त्याला मनिलात मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर गाठलं, तेव्हा त्याने नावामागचं कारण सांगितलं. लोकांना प्रेम हवं असतं, म्हणून तसं नाव दिलं. संगणक सुरक्षेवरच्या जाडजूड अहवालांतून जे निघत नाही, ते या गृहस्थाने एका वाक्यात सांगून टाकलं. या प्रेमपत्राच्या पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 2001 मध्ये, एका डच तरुणाने टेनिसपटू ॲना कुर्निकोव्हाच्या फोटोचं आमिष दाखवलं. फाइलीत फोटो नव्हताच, पण तो आहे की नाही हे पाहण्यासाठीही लोकांना फाइल उघडणं भाग पडलं.

या तिन्ही प्रकरणांत एक गोष्ट सारखी आहे. मेल सर्व्हरने एकही फाइल उघडली नाही. हजारो प्रेमपत्रं त्याच्यावरून गेली, पण तो विरघळला नाही. ‘दुसऱ्या कुणाला दाखवू नका’ असं लिहिलेलं पाकीट त्याने निर्विकारपणे पुढे ढकललं. सर्व्हरला टेनिस कळत नाही आणि पगारवाढीची यादी फुटली म्हणून तो कॅन्टीनमध्ये धावत जात नाही. संपूर्ण कंपनीत मोहापासून इतका अलिप्त असा दुसरा कर्मचारी सापडणार नाही. मग तपासणी कुणाच्या हाती द्यावी, हे वेगळं सांगायला नको. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असे. माल शहरात शिरण्याआधी तिथेच एकदा पाहिला जाई. प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात जाऊन पिशव्या उपसत बसायची वेळ येत नसे. मेलचंही तसंच आहे. मे 2000 मध्ये पहिल्या काही तासांत बहुतेक अँटीव्हायरसना हे प्रेमपत्र ओळखता येत नव्हतं, कारण त्याची ओळख पटवणारी नोंद अजून तयार व्हायची होती. तरीही ज्याच्या सर्व्हरवर ‘व्हीबीएस शेपटीची कुठलीही फाइल आत घेऊ नये’ एवढा एक नियम होता, त्याचं ऑफिस शांत राहिलं. व्हायरस ओळखायचीही गरज पडली नाही. असल्या फाइली मेलने मागवण्याचं कुणालाच काम नसतं, एवढं ओळखलं की पुरे. हा नियम एका सर्व्हरवर लिहायला पाच मिनिटं लागतात. चारशे संगणकांवर लिहायचा तर आधी ते चारशे संगणक कुठे आहेत इथून सुरुवात होते.

यावर पहिला आक्षेप अकाउंट्सच्या साहेबांचाच: संगणकावर अँटीव्हायरस आहे ना? कागदावर आहे. प्रत्यक्षात तो कोणत्या अवस्थेत आहे ते पाहायला ऑफिसातून एक फेरी मारावी. एका संगणकाच्या कोपऱ्यात ‘आपली मुदत संपली आहे’ अशी पाटी गेले कित्येक महिने झळकते आहे, आणि ती आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटून निवृत्तीला आलेले हेडक्लार्क रोज खिन्न होतात. दुसरीकडे अपडेटची सूचना येते आणि ‘नंतर आठवण करा’ हे बटण इतक्या सराईतपणे दाबलं जातं, की बोटाला आता डोळ्यांची गरज राहिलेली नाही. तिसरीकडे हिशेबाचं सॉफ्टवेअर रखडतं म्हणून कुणीतरी अँटीव्हायरस ‘थोड्या वेळापुरता’ बंद केलेला आहे. तो कुणी केला हे सांगणारा माणूस गेल्या दिवाळीत नोकरी सोडून गेला. यंत्रं फिरती आहेत, लॅपटॉप घरी जातात, मेल मोबाइलवर उघडतात. सर्व्हर तेवढा एका जागी, एका माणसाच्या ताब्यात असतो. शिवाय सर्व्हरवर वेगळ्या कंपनीचं तपासणी-इंजिन ठेवता येतं, आणि ते ठेवावंच. स्पेनमधल्या मालागात 2004 मध्ये सुरू झालेली आणि 2012 मध्ये गूगलने घेतलेली ‘व्हायरसटोटल’ ही सेवा एकच फाइल अनेक डझन इंजिनांना दाखवते. नव्या व्हायरसच्या पहिल्या दिवशी तिथे बघावं. काहीजण ओरडतात, काहीजण गप्प बसतात, काहींना काही दिसतच नाही. थेट सोसायटीची वार्षिक सभा. म्हणूनच टेबलावर आणि सर्व्हरवर एकच इंजिन असेल तर दोन्हींचं आंधळेपण एकाच जागी असतं. एकाला दिसलं नाही ते दुसऱ्याला दिसेल, यासाठी माणसं निराळी हवीत.

दुसरा आक्षेप जाणकारांचा, आणि तो नेहमी किंचित हसून घेतला जातो: आमचा सर्व्हर लिनक्सवर आहे, त्याला व्हायरस होत नाही. सर्व्हरबद्दल हे विधान बऱ्याच अंशी खरं आहे. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम तिथे चालणारच नाही. पण नाकेदार शाकाहारी आहे म्हणून ट्रकमधून कोंबड्या येत नाहीत, असा अर्थ होत नाही. लिनक्सचा सर्व्हर स्वतः ठणठणीत राहून विंडोजची सगळी रोगराई तत्परतेने घरपोच करतो, आणि लिनक्स असल्यामुळे मध्येच बंदही पडत नाही. दुसरं असं, की मेल नुसता आत येत नाही, बाहेरही जातो. आपल्या एका कर्मचाऱ्याने उघडलेलं प्रेमपत्र आपल्या कंपनीच्या नावाने सगळ्या ग्राहकांना, पुरवठादारांना आणि आयकर खात्यातल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला गेलं, तर ‘आमचा सर्व्हर मात्र निरोगी आहे हो’ हे सांगायला तोंड उरत नाही. ‘अनोळखी माणसाचा मेल उघडू नका’ हा उपदेश मेलिसाने 1999 मध्येच निकामी केला. तेव्हापासून घात ओळखीच्याच नावाने येतो, आणि तो ओळखीचा माणूस उद्या आपणच असू शकतो. जाणाऱ्या मेलची तपासणी ही आपल्या अब्रूची तपासणी आहे. ती टेबलावरच्या, आधीच आजारी पडलेल्या संगणकावर सोपवता येत नाही.

तिसरा आक्षेप वेगाचा: तपासणीत मेल रेंगाळतो. रेंगाळतो खरा, काही सेकंद, कधी एखाददुसरं मिनिट. हा आक्षेप बहुधा तेच घेतात जे आलेल्या मेलला चौथ्या दिवशी ‘बघतो आणि कळवतो’ असं उत्तर देतात. यावर अधिक शाई खर्च करण्याचं कारण नाही.

चौथा आक्षेप मात्र भारदस्त आहे आणि त्याला उभं राहूनच उत्तर दिलं पाहिजे: हा रखवालदारच घर जाळतो. याचे पुरावे सज्जड आहेत. मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर सगळे मेल एका मोठ्या डेटाबेसमध्ये आणि त्याच्या नोंदींच्या फाइलींमध्ये ठेवतो. काटकसर म्हणून अशा सर्व्हरवर कुणी टेबलावरचाच साधा अँटीव्हायरस टाकला, तर तो बिचारा फाइली चाळता चाळता नोंदींमध्ये व्हायरसचा माग काढतो आणि कर्तव्यदक्षतेने ती अख्खी फाइल जप्त करतो. डेटाबेस उठायचं नाकारतो. एका माणसाला आलेल्या एका मेलमधला एक व्हायरस पकडला जातो आणि जामीन म्हणून सगळ्या कंपनीचे मेल ठेवून घेतले जातात. म्हणूनच सर्व्हरवर कुठले फोल्डर तपासायचे नाहीत याची लांबलचक यादी मायक्रोसॉफ्टने स्वतःच देऊन ठेवली. मग 2021 मध्ये हल्लेखोरांनी एक्स्चेंजमधल्याच चोरवाटांनी जगभरचे हजारो सर्व्हर फोडले, तिथे व्हायरसवाल्या मेलची गरजच पडली नाही. आणि 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं, की त्या यादीतली काही नावं आता काढून टाका. जिथे तपासायचं नाही असं लिहिलेलं आहे, तिथेच चोर दडून बसू शकतात, ही जाणीव झाली होती. ‘इथे कुणी पाहत नाही’ अशी पाटी वाचता येणारे चोरही असतात.

त्याहून बहारदार प्रसंग 1 जानेवारी 2022 चा. एक्स्चेंज 2016 आणि 2019 मधल्या व्हायरस-तपासणीच्या इंजिनाला आपल्या आवृत्तीचा क्रमांक तारखेवरून मिळत असे: आधी वर्षाचे दोन आकडे, मग महिना, दिवस आणि पुढे आणखी काही आकडे. नववर्षाचा पहिला क्रमांक आला 2201010001. तो ठेवायला जी जागा होती तिच्यात 2147483647 पेक्षा मोठा आकडा मावत नव्हता. वर्ष 21 होतं तोवर भांडं काठोकाठ भरलेलं का होईना पण पुरत होतं. 22 लागताच इंजिन कोसळलं. जगभरच्या कंपन्यांचे मेल रांगेत खोळंबले, आणि तातडीचा उपाय म्हणून आयटीवाल्यांनी व्हायरस-तपासणीच बंद करून रांग मोकळी केली. नव्या वर्षाच्या शुभेच्छा त्या दिवशी पोचल्या नाहीत, याबद्दल मात्र कुणी फारशी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

आणि हेही कमी वाटत असेल तर 2023 मधलं बॅराकुडाचं प्रकरण घ्या. मेल तपासण्यासाठीच कंपन्या बॅराकुडाची पेटी विकत घेऊन दारात ठेवत. ही पेटी येणाऱ्या टार प्रकारच्या गठ्ठ्यातल्या फाइलींची नावं ज्या पद्धतीने वाचायची, तिच्यातच खोट होती. फाइलीच्या नावात हुकूम लिहिला की पेटी तो पाळत असे. ऑक्टोबर 2022 पासून हल्लेखोर याचा फायदा घेत होते आणि ते कळलं पुढच्या मे महिन्यात. तपास करणाऱ्यांच्या लक्षात आलं, की हल्लेखोरांचे मेल भाषेच्या दृष्टीने गचाळ होते, बहुधा मुद्दामच, म्हणजे ते फालतू जाहिराती समजून दुर्लक्षिले जावेत. मेल कुणी वाचायची गरजच नव्हती, तपासणाऱ्याने उघडला की काम फत्ते. शेवटी कंपनीने दुरुस्तीचा नाद सोडून ग्राहकांना पेट्याच बदलून घ्यायला सांगितलं. त्याआधी 2016 मध्ये गूगलच्या टॅव्हिस ऑर्मंडीने सिमँटेकच्या अँटीव्हायरसमध्ये असंच भोक दाखवलं होतं. नुसता मेल पाठवला तरी पुरे, तपासणारा स्वतःच उघडून स्वतःच बाधित होतो. त्याने कंपनीला नमुना पाठवताना सौजन्य म्हणून पासवर्ड घातला. तर कंपनीच्या मेल सर्व्हरने पासवर्ड ओळखला, फाइल उघडली आणि तो आडवा झाला, असं त्याचं म्हणणं. पासवर्ड होता ‘बाधित’ या अर्थाचा इंग्रजी शब्द. या धंद्यात सगळे तोच वापरतात.

एवढं सगळं मान्य केल्यावर तपासणीच नको म्हणावं का? नाही. या पुराव्यांतून निघतं ते इतकंच, की तपासणी कुठे आणि कोणत्या दर्जाने ठेवायची हे ठरवायला हवं. साधा अँटीव्हायरस मेलच्या डेटाबेसवर मोकाट सोडायचा नाही. मेल डेटाबेसमध्ये जाण्याआधी, वाटेतच, मेलची रचना समजणाऱ्या प्रोग्रॅमने तो पाहायचा. तपासणारा प्रोग्रॅम वेगळ्या खोलीत, कमीत कमी अधिकार देऊन ठेवायचा, म्हणजे तो बिघडला तरी किल्ल्यांचा जुडगा त्याच्याकडे नसेल. आणि तो बंद पडला तर मेल थांबवायचे की न तपासता सोडायचे, हा निर्णय आधीच, शांत डोक्याने घेऊन कागदावर ठेवायचा. 1 जानेवारीच्या पहाटे फोनवर नव्हे. आणि आक्षेप घेणाऱ्यांनी हेही पाहावं, की बॅराकुडाची पेटी कोसळली तेव्हा तिची मोजदाद करता आली. कुठे आहे ते माहीत होतं, बदलता आली. चारशे कर्मचाऱ्यांचं कुतूहल बदलून द्यायची योजना अजून कुठल्या कंपनीने काढलेली नाही.

रखवालदाराच्या वागणुकीबद्दल मात्र एक तक्रार नोंदवली पाहिजे, कारण सर्व्हरवरच्या अँटीव्हायरसची जी बदनामी झाली ती बव्हंशी त्याच्या तोंडाळपणामुळे. ऑगस्ट 2003 मध्ये ‘सोबिग-एफ’ सुटला तेव्हा तो पाठवणाऱ्याच्या जागी भलत्याच माणसाचा पत्ता घालत असे. सर्व्हरवरचे अँटीव्हायरस व्हायरस पकडायचे आणि त्या निरपराध माणसाला कळवायचे, की आपल्या संगणकाला रोग झालेला आहे, कृपया उपचार करून घ्या. जगातल्या असंख्य निरोगी माणसांना अशी पत्रं गेली. व्हायरसने जेवढी गर्दी केली तीत या सदिच्छांनी भर घातली. तसंच दुसरं खूळ म्हणजे प्रत्येक मेलच्या तळाशी ‘हा मेल तपासलेला असून व्हायरसमुक्त आहे’ असा शिक्का मारायचं. 2004 मध्ये एका जर्मन पोराने लिहिलेल्या ‘नेटस्काय’ने तो शिक्का स्वतःच छापायला घेतला. व्हायरसच्या मेलखाली नामांकित कंपन्यांच्या नावाने ‘व्हायरस आढळला नाही’ असं प्रमाणपत्र येऊ लागलं. तेव्हा सर्व्हरवरच्या तपासणीने आपलं काम मुकाट्याने करावं, जप्त केलेला माल आयटी विभागाला दाखवावा आणि बाहेरच्या कुणालाही पत्रं लिहू नयेत. शिक्के मारण्याची हौस फेडायला आपल्याकडे इतर खाती आहेत.

पाचवा आक्षेप तत्त्वज्ञानी माणसांचा: इतकं करूनही सगळं पकडलं जातच नाही. बरोबर आहे, आणि हे नुसतं अनुभवाचं नाही, गणिताचं सत्य आहे. संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेनने 1984 मध्येच दाखवून दिलं, की कुठलाही प्रोग्रॅम व्हायरस आहे की नाही हे प्रत्येक वेळी बिनचूक सांगणारा प्रोग्रॅम लिहिताच येणार नाही. व्यवहारातही पळवाटा आहेत. 2004 मधल्या ‘बॅगल’ व्हायरसने स्वतःला पासवर्डच्या झिपमध्ये बंद केलं आणि पासवर्ड मेलमध्येच लिहून पाठवला. तपासणाऱ्याला कुलूप उघडेना. वाचणाऱ्याने मात्र पासवर्ड वाचला, काळजीपूर्वक टाइप केला, एकदा चुकला, पुन्हा टाइप केला आणि व्हायरसला स्वहस्ते मोकळं केलं. स्वतःच्या बँकेचा पासवर्ड तीनदा चुकवणारी माणसंसुद्धा इथे दुसऱ्या फेरीत उत्तीर्ण झाली. तपासणारी इंजिनं पुढे मजकुरातून पासवर्ड शोधायला शिकली, तर बॅगलने तो चित्रात लिहून पाठवला. आणि आता तर व्हायरसचीही गरज उरलेली नाही. साहेबाच्या नावाने मेल येतो, की मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, या खात्यात रक्कम लगेच भरा. त्यात अटॅचमेंट नाही, प्रोग्रॅम नाही, नुसता हुकूम आहे. अमेरिकेच्या एफबीआयकडे 2023 मध्ये अशा फसवणुकीच्या ज्या तक्रारी आल्या त्यांतलं नुकसान 2.9 अब्ज डॉलरचं होतं. कुठल्याही अँटीव्हायरसला त्यात आक्षेपार्ह काही दिसत नाही, कारण साहेबाचा खरा मेलही हुबेहूब असाच असतो. पण सगळं पकडलं जात नाही म्हणून काहीच पकडू नये, हा तर्क ऑफिसातल्या इतर कुठल्याही तपासणीला आपण लावत नाही. हजेरीच्या मशीनला लावला असता तर कर्मचाऱ्यांनी पेढे वाटले असते.

शेवटचा आक्षेप आजच्या काळाचा: आमचे मेल गूगलकडे किंवा मायक्रोसॉफ्टकडे आहेत, आम्हाला सर्व्हरच नाही. मग तुमच्यापुरता वादाचा निकाल लागला, आणि तो माझ्या बाजूने लागला आहे. तुमच्या सर्व्हरवर तपासणी आहेच. ती दुसऱ्याने ठेवली आहे आणि तिचे पैसे मासिक बिलात आहेत. जीमेल ‘ईएक्सई’ फाइल झिपमध्ये घातली तरी घेत नाही, आणि फेब्रुवारी 2017 पासून जावास्क्रिप्टच्या फाइलींनाही दार बंद आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या मेलवाल्यांनी कर्मचाऱ्याच्या विवेकावर विसंबायचं नाही असं ठरवलं असेल, तर चाकण-भोसरीतल्या कारखान्याने का विसंबावं? प्रश्न उरतो तो स्वतःचा सर्व्हर ठेवणाऱ्यांचा, म्हणजे ज्यांचा मेल सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत, जुन्या फायलींच्या शेजारी आहे आणि त्याची देखभाल मालकांचा पुतण्या करतो. त्यांच्यासाठी क्लॅमएव्हीसारखं इंजिन फुकट मिळतं. विकत हवं असेल तर लांब जायला नको. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या काटकर बंधूंनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करून ‘क्विक हील’ उभी केली, आणि 2016 मध्ये तिचे शेअर बाजारात आले. दुरुस्तीच्या काउंटरमागून असाही रस्ता निघतो, हे मनिलाच्या त्या गृहस्थाला कुणी वेळेत सांगायला हवं होतं. खर्चाला एक बाजू आणखी आहे. सायबर सुरक्षेसाठी असलेल्या ‘सर्ट-इन’ या सरकारी यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशानुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो. दूषित मेल कुणाकुणाला गेला याची नोंद सर्व्हरवर असेल तर हे अर्ध्या तासाचं काम आहे. नसेल तर टेबलाटेबलांवर जाऊन ‘तुम्ही काही उघडलं का हो?’ असं विचारत फिरायचं, आणि सहा तासांत खरं उत्तर देणारा माणूस अजून भेटायचा आहे.

तेव्हा निकाल असा. मेल सर्व्हरवर स्वतंत्र, वेगळ्या इंजिनाची, मेल समजणारी, कमी अधिकारांची आणि गप्प बसणारी तपासणी हवी. टेबलावरचा अँटीव्हायरस तिला पर्याय नाही, आणि तीही त्याला पर्याय नाही. पैशाच्या व्यवहारात मात्र दोन्हींवर न विसंबता साहेबाला फोन करावा, ते मीटिंगमध्ये असले तरी करावा. आपल्याकडे अशी तपासणी खरोखर आहे का, हे खरेदीच्या फायलीवरून ठरवू नका. युरोपातल्या ‘आयकार’ या संस्थेने 68 अक्षरांची एक निरुपद्रवी फाइल याच कामासाठी प्रसिद्ध केलेली आहे. तिच्यात काही नाही, पण तिला पाहून प्रत्येक अँटीव्हायरसने ओरडावं असा संकेत आहे. उद्या आयटी विभागाला सांगून ती बाहेरच्या पत्त्यावरून कंपनीच्या पत्त्यावर मेलने पाठवून बघा. ती वाटेतच अडली तर लायसन्सचं नूतनीकरण बिनबोभाट मंजूर करा. ती तुमच्या इनबॉक्सपर्यंत सुखरूप पोचली, तर खरेदी-समितीची सभा मार्चपर्यंत थांबवू नका. आणि ती फाइल उघडून आत काय आहे ते बघायचा मोह झालाच, तर हा सगळा लेख कुणासाठी लिहिला होता ते तुमच्या लक्षात येईल.